लिव्हरवरचा हात

गाडीत आवाज आहे, असं मी तीन महिने कानीकपाळी ओरडत होते. आणि तीन महिने बाबांचं एकच पालुपद, "माझ्या हातात तर गप्प असते."

बाबांची ही जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप. मी गुरांची डॉक्टर, आणि चढावरच्या गोठ्यांपर्यंत दुसरी गाडी जातच नाही. पण रस्ता खडबडीत लागला की पायाशी खडखड सुरू व्हायची, आणि अशा गाडीतून एकटीने डोंगर चढायचा म्हणजे वाटेत काय तुटेल याचा नेम नाही. बाबांनी निकाल लावून टाकला होता. "तुला झेपत नाही ती. रविवारी दादा येऊन घेऊन जाईल." दादा शहरात राहतो, गुळगुळीत डांबरावर. त्याला जीप हवी होती मिरवायला. माझं कामच बंद पडणार होतं, त्याचं कुणाला काय!

मी जॅक फडक्यात गुंडाळला. औषधांची पेटी फोमवर ठेवली. बिजागऱ्या, सायलेन्सरचा पट्टा, मागचं स्पेअर चाक, सगळं आवळलं. आवाज काही हटला नाही. मेकॅनिककाकांना दोनदा बोलावलं. ते बाबांचे मित्र, म्हणून चालवायला बाबाच बसले आणि काका शेजारी कान लावून. गाडीने हूं की चूं केलं नाही. काका उतरून म्हणाले, "पोरी, जुनी गाडी कुरकुरायचीच. मनावर घेऊ नकोस." माझं डोकंच फिरलं.

शनिवारी मीच बाबांच्या शेजारी बसले आणि रस्ता सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. एका हातात स्टिअरिंग. दुसरा हात गिअरशेजारच्या छोट्या लिव्हरवर, चारही चाकांना जोर देतो त्या, काठीवर टेकावा तसा टेकलेला. गिअर बदलला की हात परत तिथेच. दादाही असंच चालवतो, बाबांनीच शिकवलंय त्याला. मला शिकवायची वेळ आली तेव्हा "मुलीला कशाला" म्हणाले. मग मी क्लासला गेले. तिथल्या बाई दोन्ही हात स्टिअरिंगवर नसले की चापट मारायच्या.

"हात काढा," मी म्हणाले.

"कशाला?"

"काढा म्हणते ना."

त्यांनी हात उचलला. लिव्हर थरथरला आणि खडखड सुरू झाली. हात ठेवला, गप्प. उचलला, परत खडखड. चार वेळा करून पाहिलं त्यांनी. पाचव्यांदा मीच त्यांचं मनगट वरच धरून ठेवलं.

मेकॅनिककाकांनी लिव्हरच्या बुडातलं बुश, दांडा घट्ट धरणारी छोटी नळी, काढून दाखवलं, पार झिजलेलं. "वर्षानुवर्षं हाताचा भार पडला की असं होतं," ते म्हणाले आणि बाबांकडे न बघता हात पुसत राहिले. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही तीन महिने.

नवं बुश बसवून घरी आलो. बाबांनी दादाला फोन लावला. "अरे, उद्या येऊ नकोस. गाडी ठीक झाली."

"एवढंच नाही," मी म्हणाले. "काय झालं होतं ते सांगा."

"सांगेन नंतर."

"आत्ता."

बाबांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला. "आवाज होता," ते शेवटी फोनमध्ये म्हणाले. "ती खरं सांगत होती. माझ्याच हाताने बिघडली."

फोन ठेवून त्यांनी पाणी मागितलं. एरवी मी दिलं असतं. त्या दिवशी नाही दिलं.