पिकलेट कुठंही जाणार नाही

डेस हॅगर्टी दारात उभा राहिला तो हातात खोकं घेऊनच. खोक्याला हवेसाठी भोकं पाडलेली, आत जुना टॉवेल अंथरलेला. म्हणजे माणूस चहाला आला नव्हता, पिकलेटला न्यायला आला होता.

"पाय पूस आणि आत ये," रेविन म्हणाली. "चहा देते. पिकलेट देणार नाही."

तिमारूच्या पाल-सरडे पाळणाऱ्यांच्या मंडळात डेसचा शब्द शेवटचा. गावातले निम्मे लेपर्ड गेको त्याच्याच गॅरेजात अंड्यातून बाहेर आलेले. बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या त्या पाली तो विकायचा, पण एक अट घालून : पाळणाऱ्याला जमलं नाही, तर जनावर परत. पिकलेटही त्याच्याकडचाच. तव्यावरच्या पिकलेटसारखा, म्हणजे छोट्या जाड धिरड्यासारखा पिवळा-तपकिरी, म्हणून ते नाव. नवरा गेल्यावर रेविनला पुन्हा कुणाची वाट बघावीशी वाटली ती या वीतभर जिवाची. दिवस कलला, की तो कपारीतून तोंड काढायचा आणि तिची संध्याकाळ उजळायची.

त्या जिवाचे मागचे पाय आता थरथरत होते. जबडा रबरासारखा मऊ पडला होता. हाडांतलं कॅल्शियम संपलंय, असं डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून सांगितलं. तेव्हापासून रेविन त्याच्या तोंडात औषधाचे थेंब सोडत होती आणि बातमी मंडळभर फिरत होती.

"रागावू नकोस, रेविन," डेस खुर्चीत टेकत म्हणाला. "वय होतं माणसाचं. त्याच्या किड्यांना कॅल्शियमची पूड लावायची राहून जाते. तुझा ब्रूससुद्धा म्हणत होता, आई हल्ली विसरते."

"ब्रूस माझा वाढदिवस विसरतो. त्याच्या घरातून कुणी काही उचलून नेलं का?"

डेसनं चहात डोकं घातलं. "मग हाडं कशानं गेली?"

या प्रश्नानं तिला पोखरलं होतं. पूड तर ती दर खेपेला लावत होती. डेसचीच, कॅल्शियम, डी-थ्री आणि जीवनसत्त्वं एकत्र असलेली. रातकिडे पिशवीत टाकायचे, पिठात मासा घोळवावा तसे घोळवायचे. तरीही लोक इतकं बोलले, की तिलाच वाटू लागलं, खरंच विसरले असेन का मी? मग काल ती विणकाम घेऊन पिकलेटच्या पेटीसमोर बसली आणि तिनं डोळ्यांनी पाहिलं.

"रातकिडे दुपारी, जेवण झाल्यावर घालत जा. कोण म्हणालं होतं?"

"मीच. तुझ्या लक्षात राहावं म्हणून."

"मग ये इकडं. बघ."

तिनं घोळवलेले रातकिडे काचेच्या पेटीत सोडले. पांढरेशुभ्र, जणू पिठाच्या डब्यातूनच उठून आलेले. दगडावर बसले आणि लागले आवरायला. एकेक पाय तोंडातून ओढला, मिशा विंचरल्या, अंग चाटलं. डेसचा चहा गार होईतो सगळे पुन्हा काळेकुळकुळीत. पिकलेट मात्र कपारीत गाढ झोपलेला.

"तो उठणार दिवस बुडताना," रेविन म्हणाली. "तोवर ही मंडळी न्हाऊन-धुऊन तयार. पूड रोज यांच्या पोटात गेली, डेस. त्याच्या पोटात नुसते किडे."

"माझ्याकडे असं कधी झालं नाही."

"कसं होईल? तू स्वतः संध्याकाळी घालतोस. दुपार फक्त म्हातारीसाठी."

डेसचे कान लाल झाले. "बरं, वेळ चुकली. पण आता त्याला मुरलेला हात हवा. रोज माझी पूड दिली, की उभा राहील."

"रोज तीच तर द्यायची नाही." तिनं कपाटातून दोन नव्या बरण्या काढल्या. डॉक्टरीणबाईंना तिनं खोदून खोदून विचारलं होतं. "हा दिवा बघ, नवा लावलाय. याच्या उजेडात त्याचं अंगच डी-थ्री तयार करतं. वर तुझी पूड रोज दिली, तर अंगात साठून साठून तेच त्याला मारेल. म्हणून रोजच्याला ही, नुसतं कॅल्शियम. बाटलीच्या झाकणात थोडं कोपऱ्यात ठेवते, लागेल तसं चाटतो. जीवनसत्त्वांची ही दुसरी, मधूनमधून. तुझी एखाद्या वेळेला."

"सगळं मंडळ माझीच पूड वापरतंय!"

"वापरू दे की. ज्यांच्याकडे दिवा नाही, त्यांना तीच बरी. माझ्याकडे आहे."

डेस उठला. पेटीच्या झाकणावर त्यानं हात ठेवला. "अट होती, रेविन."

तिनं आपला पंजा त्याच्या हातावर दाबून ठेवला. सांधे सुजलेला, पण जड. "जमलं नाही तर परत, अशी होती. मला जमतंय. हात काढ."

त्यानं हात काढला, पण गेला नाही. बाहेर हिवाळ्याचा दिवस लवकर मिटत होता. रेविननं पेटीचा दिवा मालवला, पूड चाटून बसलेले रातकिडे वेचून काढले आणि गुणगुणू लागली, डेस ऐकतोय याची पर्वा न करता :

फरशी तुझी ऊन ऊन, दगड तुझा गार,
ऊठ माझ्या पिकलेटा, दिवस झाला पार.

कपारीतून ठिपकेदार नाक आलं. मग डोळे, मग थरथरणारे पाय. तिनं ताजा घोळवलेला रातकिडा समोर सोडला. पिकलेटनं शेपटीचं टोक हलवलं, झेप घेतली आणि चुकला. हनुवटी फरशीवर आपटली.

"बघ," डेस पुटपुटला. "हाल करतेयस त्याचे."

"गप बस."

दुसरा सोडला. पिकलेट थांबला. पुन्हा शेपटी हलली. या वेळी जबडा मिटला तो रातकिड्यावरच, आणि त्या शांत स्वयंपाकघरात कुर्रकन आवाज झाला. ओठाला पांढरी पूड लागली होती. ती त्यानं जीभ फिरवून चाटली.

"एका किड्यानं काही सिद्ध होत नाही," डेस म्हणाला.

"नाहीच होत. उद्या पुन्हा घालीन. परवा पुन्हा. पाय वाकडेच राहिले, तर वाकड्या पायांचा पिकलेट इथंच चालेल."

"मंडळात काय सांगू मी?"

"सांग, रेविन ऐकत नाही," ती म्हणाली, आणि पुढचा रातकिडा पिशवीत टाकून तिनं पिशवी जोरात हलवली.