मुगाचा मोर

अनुसयाबाईच्या घरात शिरलं की समोरच काचेच्या चौकटीत मोर दिसायचा. मान मुगाची, तुरा मसुराचा, पिसाऱ्यात तांदूळ आणि तीळ. थोरल्या लेकीनं, रागिणीनं, आपल्या रुखवतासाठी एकेक दाणा डिंकानं चिकटवला होता. रुखवत मांडायची वेळच आली नाही. ती तिच्या पसंतीच्या पोराबरोबर निघून गेली, आणि तिच्या बापानं, नामाजीनं, घरात तिचं नावच बंद केलं. मोर उतरवायला मात्र त्याचाही हात उठला नाही. पाव्हण्यानं कौतुक केलं की तो तुटकपणे सांगायचा, "जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून आणला." जणू बाजारात लेकीही मिळतात!

यंदा मोराला सोंडे लागले. मान पोखरून काचेआड पीठ पडू लागलं. लिंबाचा पाला घालून घरभराचं धान्य राखणारी अनुसयाबाई इथं हरली. चौकट उघडावी तर दाणे सांडणार, न उघडावी तर किडे खाणार. शेवटी धान्याला देतात तसं तिनं मोराला ऊन दिलं.

दुपारी बघते तर डिंक सुटलेला, आणि मोराचा काचेच्या तळाशी नुसता ढीग.

"आता काय करू वो मी?" ती रडकुंडीला आली.

नामाजीनं चौकट उचलली आणि परत खिळ्याला टांगली.

संध्याकाळी एक सोयरा आला. "हे काय टांगलंय म्हणायचं?"

"मोर हाय," नामाजी म्हणाला. "आमच्या रागिणीनं केलता."