फिल्टरमधली निळी लोकर

मुलगा गेल्यापासून त्याची मोटरसायकल जिन्याखाली धूळ खात उभी होती. एका रविवारी सकाळी वडिलांनी मनावर घेतलं. आयुष्यभर वायरमनची नोकरी केलेला माणूस. गाडी विकायची नव्हती, पण डोळ्यांदेखत गंजू द्यायचीही नव्हती.

शिळं पेट्रोल काढलं, प्लग घासला, बॅटरी बदलली. किका मारून मारून पाय भरून आले. गाडी एकदा खोकायची आणि गप्प.

"मालकावर गेलीये," ते बायकोला म्हणाले. "सकाळी हाका मारून उठणार थोडीच!"

बायको हसली नाही. ती हसायचंच विसरली होती.

हवा कोंडत असेल म्हणून त्यांनी बाजूचं झाकण काढलं, एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराचं रिकामं घरटं. कागदाचे कपटे, फोमचा चुरा आणि मधोमध कुरतडलेली निळी लोकर.

लोकर त्यांनी ओळखली. दवाखान्यात केस गळल्यावर मुलगा घालायचा, ती टोपी. नंतर त्याची आई ती उशाशी घेऊन झोपायची. एकदा सुनेनं गाद्या उन्हात टाकल्या आणि टोपी दिसेनाशी झाली. सासूनं घर डोक्यावर घेतलं. "तुला तो या घरातून पुसूनच टाकायचाय!" सून शपथा घेऊन थकली. सासरे मूग गिळून बसले. आठवड्याच्या आत ती बॅग भरून गेली, ती गेलीच.

"अगं, जरा इकडे ये."

बायको ओल्या हातांनीच आली, वाकून बघितलं आणि लोकर हातात घेतली. "काय काय बोलले हो मी तिला..."

फिल्टर साफ केल्यावर गाडी सुरू झाली. लोकर रुमालात बांधून दोघं त्याच गाडीवरून निघाले. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दुकानाच्या वरच खोली घेऊन राहायची.

गाडी दाराशी थांबते न थांबते तोच तो ओळखीचा आवाज ऐकून ती धडाधड जिना उतरून आली. पायात चप्पल नाही, केस मोकळे, चेहरा नुसता उजळलेला. समोर म्हातारा-म्हातारी दिसली आणि तो चेहरा विझला.

सासऱ्यांचा हात चावीकडे गेला.

"बंद नका करू, बाबा," ती म्हणाली. "थोडा वेळ."

मग सासूला ओरडूनच बोलावं लागलं. "चुकले गं मी! उंदरानं नेली होती!"

सुनेनं रुमाल उघडला. लोकरीवरून बोट फिरवत राहिली.

"मीही शोधत होते, आई. तुम्हाला वाटलं, फक्त तुमचीच हरवली."

"घरी चल," सासू म्हणाली.

"नाही. आता नाही जमायचं मला."

सासऱ्यांनी गाडी बंद केली. सुनेनं दोघांना वर नेलं, चहा दिला. निम्मी लोकर ठेवून घेतली, निम्मी पुन्हा रुमालात बांधून सासूच्या हातात दिली. निघताना ती खाली आली नाही. खिडकीत उभी होती, गाडीचा आवाज विरेपर्यंत.