नवे पाय आणि दीपकची चप्पल

मी एक जुनी पांढरी गाडी आहे, मित्रांनो, आणि दीपकचं वागणं मला पटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. दर रविवारी सकाळी हा बादली घेऊन येतो. माझं तोंड धुतो, काचा पुसतो, बॉनेटवर जुनं बनियन फिरवतो आणि त्यात स्वतःचा भांग बघतो. कॉलनीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारतो की, हिचं वय वाटतं का. आणि माझ्या पायांकडे? इतकी वर्षं कधी वाकून बघितलं नाही. तोंडाला पावडर आणि पायांना भेगा, अशी माझी गत होती. घरातल्या म्हाताऱ्या बाईला कोणी असं नटवून दारात बसवलं असतं, तर आळीतल्या बायकांनी नावं ठेवली असती. गाडीसाठी कोण बोलतं?

म्हणून मीच बोलते.

मी शिकलेली नाही. शाळेच्या फाटकापर्यंत रोज गेले, पण मुलं आत गेली आणि मी बाहेर उभी राहिले. मला मैलाचे दगड वाचता येतात, पेट्रोलचा काटा वाचता येतो आणि माणूस दार कसं आपटतो त्यावरून त्याचा राग वाचता येतो. एवढ्या शिक्षणावर माझा संसार नीट झाला.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा दाबून अंग घडवलं, रंगात न्हाऊ घातलं, पोटात इंजिन बसवलं. सगळ्यात शेवटी चार काळे पाय लावले, आणि मला पहिल्यांदा जमीन कळली. मित्रांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. एवढं मोठं माझं अंग, पण जमिनीला टेकतो तो प्रत्येक पायाचा तळहाताएवढा तुकडा. चार तळहातांवर मी अख्खं कुटुंब तोलते. विमा, धडकेत फुगणारी एअरबॅग, बेल्ट हे सगळं नंतर. आधी ते चार तळहात.

दीपक मला नाशिक रोडला घेऊन आला तेव्हा त्याची मुलगी तृप्ती पहिलीत होती. दीपक सिन्नरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. नोकरी लागली, वडील गेले, गावाकडचे बैल दुसऱ्याच्या दावणीला गेले. त्यानंतर मी आले. म्हणून पोळ्याच्या दिवशी तो मला हळदकुंकू लावतो आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवतो. पोळी कॉलनीतलं कुत्रं खातं, पण मान माझा असतो. तेवढ्यापुरतं त्याचं वागणं मला पटतं.

माझे चांगले दिवस काय सांगू. गावाकडून द्राक्षांच्या पाट्या मी आणल्या. नवरदेव मी मिरवला, तेव्हा माझ्या अंगावर इतकी फुलं होती की वाटेत एक गाय मागे लागली. श्रावणात त्र्यंबकेश्वरला जाताना नव्या नव्या गाड्या कडेला तोंड उघडून उभ्या असायच्या, आणि मी त्यांच्या अंगावर चिखल उडवून पुढे जायची. थोडा मुद्दाम उडवायची, खोटं कशाला बोलू.

पण पाय झिजतात. दोनदा बदलले, तिसरे झिजून गोटा झाले. गोटा म्हणजे नदीतल्या दगडासारखे गुळगुळीत. बाजूने भेगा पडल्या. दीपकची बायको आशा म्हणाली, अहो, टायर बदला. दीपकचं उत्तर ठरलेलं, अजून चालतात की. अरे बाबा, चालतात सगळेच. थांबायचं कोणी? पावसात गाडीची परीक्षा चालण्यात नसते, थांबण्यात असते.

आता खरी गोष्ट ऐका. तृप्ती शिकून गुरांची डॉक्टर झाली. मागच्या पावसाळ्यात तिला इगतपुरीच्या पुढे, भातखाचरांच्या गावात, गुरांच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली. पोळा झाल्यावरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. औषधांची पेटी घेऊन वाडीवाडीवर जायचं, आणि तिथे एसटी दिवसातून एकदा येते तेवढीच. तृप्ती म्हणाली, मी आपली गाडी घेऊन जाईन. तिला गाडी चांगली चालवता यायची. मीच शिकवली होती.

दीपक नाही म्हणाला. इगतपुरीचा पाऊस आपल्या नाशिकसारखा नाय, तिथे आभाळ खाली उतरतं, ओल्या रस्त्यावर तू आणि ही म्हातारी, मला झोप लागायची नाय. नोकरी सोड, इथे जवळपास बघू.

मला म्हातारी म्हणाला ते मी गिळलं. पण पोरीचं तोंड उतरलेलं मला आरशात दिसलं. ती इतकी वर्षं माझ्या मागच्या सीटवर बसून गुरांची चित्रं काढायची. माझ्या पायांमुळे तिचं पाऊल अडणार असेल, तर मी कसली घरातली मोठी?

शेवटी आशाने तोडगा काढला. नवे टायर घ्या. मग पोरीने ओल्या उतारावर गाडी थांबवून दाखवायची. थांबली तर जाईल, नाही थांबली तर नाही. दोघांनी मान डोलावली.

आम्ही यादवच्या टायरच्या दुकानात गेलो. दीपक आधी रुंद, चकचकीत टायरांपुढे उभा राहिला. माझ्या बारीक अंगाला ते म्हणजे शेळीच्या पायात हत्तीचे तोडे. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. यादवने तसं सांगितल्यावर दीपक एकदम दुसऱ्या टोकाला गेला. कोपऱ्यात वापरलेले टायर होते, काळं पॉलिश लावून ओठ रंगवल्यासारखे बसवलेले. किती स्वस्त, म्हणाला. तृप्तीने त्यातला एक ओढला, बैलाचा खूर बघतात तसा मांडीवर घेतला आणि चरांमध्ये बोट घातलं. बोट आत गेलंच नाही.

"बाबा, वरून काळं करून म्हातारा बैल तरणा होतो का?"

"बाजारात करतात की तसं," दीपक म्हणाला, आणि स्वतःच हसला.

मग तिने मधल्या भावातले, साध्या तोंडाचे टायर निवडले. नाव फार गाजलेलं नाही, दिसायला गरीब. पण गोल फिरणारे खोल रुंद चर, पाणी बाहेर फेकायला बाजूला उतरणाऱ्या वाटा, आणि पट्ट्यांवर बारीक बारीक काप. नख दाबलं तर रबर थोडं दबत होतं, लाकडासारखं वाजत नव्हतं. कडेला कोरलेले चार आकडे तिने मोठ्याने वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माल ताजा होता. दुकानात पडून पडून रबर कडक होतं, मित्रांनो, भाकरीसारखंच. आणि चारही पाय एकदम घेतले, कारण दोन नवे, दोन गोटा हे पुढे चालणाऱ्याने मागच्याला फसवल्यासारखं होतं. यादव म्हणाला, "ताई, मिरवणारे टायर सगळे मागतात. थांबणारे तुम्ही मागितले."

नव्या पायांनी घरी आले तेव्हा मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. पहिल्या खड्ड्यातलं पाणी असं उडवलं की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

पण सुख बघवेल तो दीपक कसला. दुसऱ्या दिवशी पोळा होता. आदल्या संध्याकाळी गावाकडे बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. दीपकला बैलांची आठवण आली असावी. तो बाटली घेऊन खाली आला, माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि माझ्या नव्या पायांना खोबरेल तेल चोळायला लागला. कडेला चोळलं, तिथेच थांबावं की नाही? जमिनीला टेकतो त्या भागालाही चोळलं, प्रत्येक चरातून बोटं फिरवून. हळूहळू माझ्याशी बोलत होता, जसं तो त्या बैलांशी बोलत असेल. मी ओरडावं तरी कसं? इतक्या मायेने आजवर कोणी माझ्या पायांना हात लावला नव्हता.

पोळ्याच्या सकाळी पाऊस बारीक लागला होता. कॉलनीच्या फाटकाशी उतार आहे, सिमेंटचा, ओला. दीपकने उताराच्या तळाशी स्वतःच्या एका पायातली नवी चप्पल काढून ठेवली. म्हणाला, हिच्या अलीकडे थांब. नवी चप्पल ठेवली की पोरगी जपून येईल, असा त्याचा हिशोब.

तृप्ती ठरल्या वेगाने आली आणि बरोबर जागी ब्रेक दाबला. मी जिवाच्या आकांताने जमीन धरायला गेले, आणि माझे चारही तळहात तेलकट. सुळ्ळकन घसरले, चपलेवरून गेले आणि फाटकाला नाक लावून उभी राहिले. चपलेचा अंगठा तुटला.

 दीपकने चप्पल उचलली आणि एक पाय अनवाणी, तसाच घराकडे वळला.  तृप्तीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं, संपलं. पोरीचं स्वप्न माझ्या पायाखाली चेंगरलं.

तेवढ्यात वरून आशा खाली आली, केस मोकळे सोडलेले, हातात फणी. सणाची न्हालेली बाई सकाळपासून तेलाची बाटली शोधत होती. दीपकच्या हातातली चप्पल तिने घेतली, तळव्यावरचा माझ्या पायाचा काळा ठसा बघितला, आणि ती चप्पल चक्क नाकाला लावली.

"अहो, माझं खोबरेल तेल तुमच्या चपलेला कसं?"

दीपकने आभाळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाला, "खांदेमळणी केली होती."

आशा आधी रागावली, मग पायरीवर बसून इतकी हसली की फणी हातातून पडली. तृप्ती गाडीतून उतरून हसायला लागली. शेवटी दीपकही हसला, पण त्याचे डोळे ओले होते, आणि पाऊस तर बारीकच होता. तृप्ती त्याच्याजवळ गेली, म्हणाली, बाबा, बैलाला तेल खांद्याला लावतात, खुराला नाही.

मग बापलेकीने मिळून माझे पाय साबणाने घासले. आयुष्यात पहिल्यांदा दीपक माझ्या पायांशी गुडघ्यावर बसला. नवे टायर पहिले काही दिवस जरा गुळगुळीत असतात, म्हणून पुढचे दिवस तृप्तीने मला गावात सावकाश फिरवलं. मग एका धो धो पावसात पुन्हा तोच उतार. दीपकने दुसऱ्या पायातली चप्पल ठेवली, कारण जोड तर मोडलाच होता. तृप्तीने ब्रेक दाबला, चरांमधलं पाणी दोन्ही बाजूंना फेकलं गेलं, आणि मी चपलेच्या अलीकडे अशी थांबले की मधून पोळीचं लाटणं जाईल. कॉलनीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हळूच हेडलाइट मिचकावले. वायर जुनी आहे म्हणून तसं झालं, असं दीपक म्हणतो. म्हणू दे.

सोमवारी आम्ही निघालो, आणि दीपक रजा टाकून शेजारी बसला. घोटीच्या पुढे आभाळ खरंच खाली उतरलं. वायपर थकले, मी थकले नाही. वळणावर ओल्या रस्त्याला माझे पाय असे धरून होते, जसं लहान मूल आईचा पदर धरतं. दवाखान्यापुढे पुंजाबाबा नावाचा म्हातारा शेतकरी छत्रीऐवजी इरलं घेऊन उभा होता, सोबत लंगडणारा बैल. डॉक्टर इतक्या पावसात आली, आणि बाई आहे, यावर त्याचा विश्वास बसेना. तृप्तीने चिखलात बसून बैलाचा खूर मांडीवर घेतला. दीपक लांबून बघत उभा होता. पाऊस त्याच्या कॉलरमध्ये शिरत होता आणि त्याला भान नव्हतं.

तर मित्रांनो, पावसाळ्याआधी तुमच्या घरच्या गाडीच्या पायांशी एकदा बसा. चरात बोट घाला, भेगा बघा, हवा बघा. मिरवायचे टायर घेऊ नका, थांबणारे घ्या, ते महागच असतात असं नाही. आणि तेल आईच्या केसांना ठेवा.

आता तुम्ही जरा बाजूला व्हा. मला घरातल्या माणसाशी बोलायचं आहे. हा अजूनही सुट्टीच्या दिवशी लेकीसोबत इगतपुरीला येतो, शेजारी बसतो, आणि पुढे ट्रक दिसला की स्वतःच्या पायाने माझी फरशी दाबतो. दाबून दाबून पायपुसणीला भोक पडलंय.

"दीप्या, तू माझे पाय धुतलेस, सगळं माफ. पण ऐक. ब्रेक तिच्या पायाखाली आहे, आणि तिला तो दाबता येतो. आता तू तुझा पाय उचल, आणि बाहेर बघ, भात कसा हिरवागार डोलतोय."