बिनकामाची उकळी

मित्रांनो, इंजेक्शन म्हटल्याबरोबर तुमच्यातले निम्मे आताच दाराकडे बघू लागले असतील. पळू नका. मी एक जुनी काचेची सिरिंज आहे, मिठबावच्या दवाखान्यातली, आणि आता कुणाला टोचण्याइतकी धमक माझ्यात उरलेली नाही. टोकाशी टवका उडाला आहे, अंगावरचे आकडे पुसट झाले आहेत. तेव्हा निवांत बसा.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. बाहेर काचेची नळी, आत सरकणारा काचेचाच दट्ट्या, आणि दोघांवर एकच क्रमांक, सत्तेचाळीस. दुसऱ्या कुणाचा दट्ट्या मला चालत नाही, एवढी मी नखरेल. भुशाच्या खोक्यात बसून मी बोटीने मालवण बंदरात उतरले आणि १९५७ साली या दवाखान्यात आले.

डॉक्टर फक्त शनिवारी यायचे. बाकीचे दिवस दवाखाना सांभाळायच्या नर्स जानकीबाई आणि शिपाई लवू. दर वेळी वापरण्याआधी मला पाण्याच्या डब्यात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळावं लागे, आणि त्यात पंधरा मिनिटं सहज जात. गावातल्या आया माझ्या जिवावर पोरांना दटावत, "जेवतंस काय जानकीबायक बोलवू?" मला फार वाईट वाटायचं. आले होते बरं करायला आणि झाले बागुलबुवा.

एका शनिवारी सुभद्रा आपल्या सात वर्षांच्या सुगंधाला पाठुंगळी घेऊन धावत आली. पोरीने दुपारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाल्ली होती. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते तुम्हांला ठाऊक आहेच. शेजारणी म्हणाल्या, "पित्त उठला असात, आमसुलाचा पाणी चोळ." सुभद्राने चोळलं आणि वाट पाहिली. अर्धा तास गेला. पोरीचा आवाज घोगरा झाला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, तेव्हा कुठे सुभद्रा उठली.

लवूने दिवा पेटवला. डब्यातलं पाणी थंडगार होतं. त्या पाण्यात पडल्यापडल्या मी ती शिट्टी ऐकत होते आणि पाण्याला विनवत होते, बाबा रे, उकळ. शेवटी उकळलं. डॉक्टरांनी तपकिरी कुपीतलं औषध माझ्यात ओढून सुगंधाच्या मांडीत दिलं, आणि थोड्याच वेळात शिट्टी थांबली.

डॉक्टर म्हणाले, "हे नुसतं पित्त नव्हे. सुंगटं हिला कायमची बंद. जानकीबाई, पुन्हा असं झालं तर माझी वाट पाहू नका." किती औषध द्यायचं ते त्यांनी कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं. जाताना एवढंच बोलले, "आज पाणी उकळेपर्यंत पोर थांबली. पुढच्या वेळी थांबेल असं नाही."

हे शेवटचं वाक्य जानकीबाईंच्या मनात रुतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी आल्याआल्या मला उकळायच्या, आणि झाकण घट्ट लावून त्या कुपीशेजारी ठेवायच्या. मला दुसऱ्या कुणासाठी काढायचं नाही, असा नियमच झाला. लवूला रोज थट्टेला विषय मिळाला.

"काय गो बाय, झाली सुयेची चाय? दूध घालू?"

"आदी पाणी भर, मगे बोल," जानकीबाई म्हणायच्या.

खरं सांगू? मलाही ते पटत नव्हतं. बाकीच्या सिरिंजा घरोघर जाऊन ताप उतरवायच्या, शाबासकी मिळवायच्या. मी अकरा महिने रोज उकळले आणि रोज तशीच बसले. मला वाटायचं, आपला जन्म फुकट.

मग तो सोमवार आला.

शाळा आमच्या कुंपणाला लागूनच. मधल्या सुट्टीत सुगंधाची मैत्रीण कावेरी हिने तिच्यापुढे घावणे आणि ओल्या नारळाची चटणी ठेवली. सुगंधाने शहाण्यासारखं विचारलं, "सुंगटां नाय मा गो ह्यात?"

"खुळी काय तू? आज सोमवार. सोमवारी सुंगटां खंयसून येतली?"

दोन घास खाल्ले आणि सुगंधाची जीभ चरचरली. बाहेर विहिरीवरच्या बाया म्हणाल्या, "घराक जा, आमसुलाचा पाणी लाव." पण सुगंधाने कावेरीचा हात घट्ट धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माका जानकीबायकडे व्हर."

दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले होते, आणि शिट्टीसुद्धा नीट वाजत नव्हती. लवू सवयीने काडेपेटीकडे धावला.

"नको रे लवू," जानकीबाई म्हणाल्या. "ती तयार आसा."

झाकण उघडलं. कागद समोर होता आणि मी हातात होते. कुपीचं टोक मोडलं, औषध माझ्यात चढलं, मांडीत गेलं. मग आम्ही सगळे तिच्या छातीकडे बघत राहिलो. एक लांब, मोकळा श्वास आला. मग दुसरा.

तेवढ्यात सुभद्रा धापा टाकत आली. हातात सवयीने उचललेला आमसुलाच्या पाण्याचा तांब्या. लेक डोळे किलकिले करून बघते आहे हे पाहून ती दारातच खाली बसली. लवूने हळूच तांब्या घेतला. "आणलंस तर साखर तरी घालूक व्हयी होती. सरबत झाला असता." सुभद्रा रडता रडता हसली. त्रास उलटू शकतो म्हणून जानकीबाईंनी सुगंधाला संध्याकाळपर्यंत आडवीच ठेवली. तो उलटला नाही.

घोटाळा कुठे झाला ते नंतर कळलं. कावेरीच्या घरच्या पाट्यावर रविवारी सुक्या सुंगटांची चटणी वाटली होती. पाटा धुतला होता, पण नुकत्याच टाकीने ठोकून खडबडीत केलेल्या पाट्याच्या खाचांत थोडी उरली. पोरीचा जीव जायला तेवढी पुरे होती. कावेरीच्या आईने दुसऱ्याच दिवशी बिनमासळीचं वाटायला वेगळा छोटा पाटा आणला. नारळाची चटणी आता त्यावरच होते.

मित्रांनो, मला आता कपाटात विश्रांती आहे. माझ्या जागी नवी सिरिंज आली. तुम्हांला एवढंच सांगते, कुणी "माका ह्या चलना नाय" म्हणालं, तर त्याला आग्रह करू नका, एका घासाचाही नाही. आणि श्वास वाजायला लागला तर आमसुलं शोधत बसू नका, दवाखान्याकडे पळा.

सुगंधा आता सोळा वर्षांची आहे. शाळेला जाताना खिडकीतून डोकावते आणि विचारते, "लवूकाका, चाय झाली?"

"झाली गो," लवू म्हणतो. कारण हल्ली दिवा तोच पेटवतो, जानकीबाई येण्याआधीच.

आज सकाळीही नव्या सिरिंजला उकळी मिळाली, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला तिची गरज पडली नाही. ती जरा हिरमुसली आहे. मी तिला सांगितलं, बाळे, याहून चांगला दिवस नसतो.