एकशे सतराचा आकडा

थोरली सकाळपासून गोदामात मक्याची पोती अशी आदळत होती, की धुळीला खाली बसायला सवडच मिळत नव्हती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, शेतांना भेगा पडल्या होत्या, आणि दारातला ट्रक निम्माच रिकामा झाला होता. मुकादमाला मात्र आज ट्रकचं सोयरसुतक नव्हतं. त्यानं घरचा टीव्ही उचलून आणला होता आणि वजनकाट्याशेजारच्या टेबलावर मांडला होता. निम्मं गाव रिकाम्या बारदानांवर बसून त्याकडे डोळे लावून होतं.

"पोत्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" मुकादम म्हणाला. "सख्खी बहीण तिकडे परदेशात वजन उचलायला उभी राहणार, आणि तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं."

"ती उचलते तर टाळ्या," थोरली म्हणाली. "मी रोज उचलते तर तुम्ही म्हणता, हळू ठेव, पोतं फाटेल."

लोक हसले. थोरली हसली नाही. ती जळत होती, आणि आजच नव्हे, सहा वर्षं जळत होती.

सहा वर्षांपूर्वी वजन उचलणाऱ्या मुली शोधत एक सर याच गोदामात आले होते. बापाची कंबर गेल्यापासून दोघी बहिणीच हमाली करायच्या. सरांनी दोघींना उचलून दाखवायला सांगितलं. थोरलीनं जास्त उचललं. पण घरातून एकच जाऊ शकत होती, दुसरीनं चूल पेटती ठेवायची होती. तेव्हा थोरली ऐटीत म्हणाली होती, "हिलाच न्या. आठ दिवसांत रडत परत येईल, मग मी येते." धाकटी रडली असेल तर तिकडेच रडली. परत काही आली नाही.

आता ती मोठ्या स्पर्धेला गेली होती. बऱ्याच देशांचे खेळाडू, बरेच खेळ, आणि त्यात बायकांचं वजन उचलणं, तेही दोन प्रकारांत. चौकात तिचा माणसाएवढा फोटो लागला होता. काल एका परक्या माणसानं त्या फोटोखाली उभं राहून थोरलीलाच विचारलं, "या पोरीचं घर कुठलं हो?" तिनं बोटानं दाखवलं. तुम्ही तिच्या कोण, एवढंही त्यानं विचारलं नाही.

आणि नेमका त्यानंतर धाकटीचा फोन आला.

"ताई, उद्या दुसऱ्या प्रकाराची सुरुवात कितीनं करू?"

ही त्यांची जुनी पद्धत. हमाली करताना थोरली थप्पीवर उभी राहायची आणि धाकटीच्या पाठीवर पोतं द्यायची. कुठलं द्यायचं ते थोरली ठरवायची, धाकटी वळून बघायचीसुद्धा नाही. खेळात गेल्यावरही धाकटीनं ती सवय सोडली नव्हती. प्रत्येक स्पर्धेआधी ती ताईला आकडा विचारायची, आणि ताई आजवर नीट विचार करून सांगायची.

"सर काय म्हणतात?"

"एकशे दहा किलो. सरावात एकदाच एकशे अठरा गेलं होतं, पण नंतर दोन दिवस लंगडत होते."

"एकशे सतरा सांग."

"पहिल्यालाच?"

"भीती वाटते का?"

"नाही."

"मग झालं तर."

एकदा सुरुवातीचा आकडा उचलायला घेतला की त्याच्याखाली येता येत नाही, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. तीन संधी. तिन्ही हुकल्या तर पहिल्या प्रकारात उचललेलंही पाण्यात, हाती भोपळा. हे ठाऊक असूनच तिनं सांगितलं होतं. एकदा तरी सगळ्यांसमोर धाकटीनं आपटावं, एवढंच तिला हवं होतं.

टीव्हीवर धाकटी आली. पहिल्या प्रकारानंतर ती चौथी होती. आता दुसरा, खांद्यावर घेऊन मग डोक्यावर. दांडी खांद्यापर्यंत आली, तिथून वर गेलीच नाही. धाडकन खाली पडली.

"अरेरे," गिरणीवाली काकू म्हणाली.

बरं झालं, असं थोरलीच्या मनात आलं, आणि तिला ते गोडही लागलं.

दुसऱ्यांदा दांडी डोक्यावर गेली, पण कोपर वाकलं. पंचांनी नाही म्हटलं. पडद्यावर धाकटीचा चेहरा मोठा दिसला. ती रडत नव्हती. अवघड पोतं पाठीवर आलं की खालचा ओठ दातांत धरायची, तसा तिनं धरला होता. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं हातातलं पोतं तसंच सोडलं आणि टेबलापाशी आली.

"पाय लांब टाक," ती पुटपुटली. "लांब टाक गं बये."

तिसऱ्यांदा धाकटीनं दांडी खांद्यावर घेतली, एक श्वास घेतला, आणि पाय फाकवून ती डोक्यावर लोटली. गुडघे लटपटले. मग सरळ झाले. पंचांचे तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे उचललेलं मान्य. धाकटी तिसरी आली होती.

गोदाम दणाणलं. टीव्हीवर कुणीतरी तिला विचारलं, एवढ्या वजनानं सुरुवात करायचं धाडस कसं केलं? धाकटी धापा टाकत म्हणाली, "आकडा माझ्या ताईनं सांगितला. सर नको म्हणत होते. पण माझं बळ तिला माहीत आहे."

सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. काकूनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. मुकादम म्हणाला, "खरी वस्ताद तूच की." सहा वर्षं जी शाबासकी हवी होती ती मिळाली, आणि थोरलीला वर बघवेना.

तासाभरानं फोन वाजला. ती थप्पीमागं गेली.

"ताई, बघितलंस?"

"बघितलं," थोरली म्हणाली. "ऐक. तू पडावीस म्हणून सांगितला होता मी तो आकडा."

"कळलं होतं मला," धाकटी म्हणाली. "रागावलीस की तू ओलं, जड पोतंच द्यायचीस. मला काय ओलं-कोरडं कळत नव्हतं?"

"मग घेतलास कशाला?"

"तू दिलेलं टाकून दिलंय का कधी?"

थोरलीनं पदरानं डोळे पुसले. त्यात धूळ होती, आणखीही काही होतं.

"जळते मी तुझ्यावर," ती म्हणाली. "अजूनही."

"जळ. पुढच्या वर्षी किती सांगतेस ते बोल."

"एकशे पंचवीस," थोरली म्हणाली, आणि तिकडे मुकादमानं ट्रकसाठी हाक मारली.