बिनकुलपाचं बेट

पैज लागली ती इस्त्रीच्या टेबलापाशी, आणि लागली ती निव्वळ खाजेपायी.

इस्त्रीवाली मावशी कॉलर दाबता दाबता नेहमीचं पुराण लावून बसली होती. "आमच्या बेटावर ना, एकाही दाराला कुलूप नव्हतं." गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे वाक्य पाठ होतं. मावशी लहान असताना मासेमारांचं ते अख्खं गाव बेट सोडून किनाऱ्यावर आलं, आणि तेव्हापासून तिची ही टकळी चालू होती. लोक मान डोलवायचे आणि तिची पाठ वळली की एकमेकांना डोळा मारायचे.

पण त्या दिवशी समोर चावीवाला उभा होता. गल्लीच्या तोंडाशी त्याची टपरी. कुलूप-किल्ल्या हा त्याचा धंदा, आणि लोकांची टर उडवणं हा जीव की प्राण. सलूनवाल्याच्या शटरला गुपचूप दुसरं कुलूप ठोकायचं आणि मग "अरेरे, थांब, आलोच" म्हणत आपणच सोडवायला धावायचं, असली ही अवलाद.

"कुलूप नसलेलं गाव?" मिशीला पीळ देत तो म्हणाला. "मावशी, माझ्या पोटावर पाय देतेस होय? मी जाऊन तिथलं कुलूप शोधून आणलं तर?"

"आण की."

"आणलं, तर बेटाचं नाव पुन्हा काढायचं नाही. जन्मात."

मावशीचा हात थांबला. इस्त्री कॉलरवर तशीच टेकून राहिली. वास सुटला तेव्हा कुठे तिने ती उचलली. बेटाचं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. ना फोटो, ना कुणी नातलग. होत्या त्या एवढ्या गोष्टी.

"बरं," ती म्हणाली. "आणि नाही मिळालं तर तुझी मिशी. इथेच, चारचौघांत."

"कबूल!" चावीवाल्याने तोंड उघडायच्या आत सलूनवालाच ओरडला. शटरचा राग होता ना! "आणि साक्षीला मी जाणार."

आता चावीवाला काही दूधखुळा नव्हता. भंगाराच्या डब्यातून त्याने एक म्हातारं कुलूप निवडलं, मिठाच्या पाण्यात बुडवून चांगलं गंजवलं आणि सहलीच्या पँटच्या खिशात टाकून ठेवलं. बेटावर काही सापडो न सापडो, मिशीचा विमा उतरवलेला बरा.

एक बोटवाला हौशी लोकांना रात्रीच्या मुक्कामाला तिकडे न्यायचा. संध्याकाळी निघायचं, बेटावर झोपायचं, सकाळी परत. दोघे चढले. वाटेत चावीवाल्याने सलूनवाल्याच्या टोपीत एक खेकडासुद्धा सोडला. म्हणजे गडी फॉर्मात होता.

मग बेट दिसलं, आणि त्याची बडबड आपोआप बंद पडली.

दगडी घरांची रांग थेट पाण्यापर्यंत उतरली होती. खिडक्या रिकाम्या. बोटीचं इंजिन बंद झालं तशी त्या खिडक्यांमधून पाखरं बाहेर पडली. दहा-वीस नव्हेत, घरं श्वास सोडत असल्यासारखी निघतच राहिली, निघतच राहिली. मावळतीचं लाल आभाळ त्यांनी झाकून टाकलं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या नावांमध्ये कमरेएवढं गवत वाढलं होतं, आणि वाऱ्यावर ते एका दिशेने झुकायचं, जणू नावा अजून चालल्याच आहेत.

"आयला," सलूनवाला एवढंच म्हणाला.

उजेड होता तोवर चावीवाल्याने दारं तपासली. कुलूप नव्हतंच. पण तो पडला कसबी माणूस. त्याने बोटांनी चौकटी चाचपल्या. कधीकाळी कोयंडा बसवला असेल तर लाकडात खिळ्याची भोकं राहतात, ती बुजवली तरी बोटाला कळतात. भोकं नव्हती. एका दाराला नाही, दुसऱ्याला नाही, कुठेच नाही. दाराला होती फक्त एक लाकडी खुंटी, आणि तीही बाहेरून!

"हे उलटं बसवलंय," तो बोटवाल्याला म्हणाला. "आतल्या माणसाने दार लावायचं कसं?"

"आतल्याने लावायचंच नाही," बोटवाला म्हणाला. "खुंटी वाऱ्यासाठी. घरात कुणी नसलं की लावायची. वादळात सापडलेला माणूस जे दार आधी लागेल ते उघडतो, त्याला किल्ली कुठून आणायची?"

त्याने एका घराची खुंटी फिरवली. छप्पर शाबूत होतं. आत चूल, आणि चुलीत लाकडं रचलेली. खाली बारीक काटक्या, वर जाड फाटे. नुसती काडी ओढायची बाकी.

चावीवाला बघतच राहिला. "हे कुणी रचलं?"

"शेवटी जो थांबला असेल त्याने. त्याच्या आधीच्याने त्याच्यासाठी. आपण पेटवू, सकाळी रचून जाऊ. गाव उठलं, पण हे कुणी मोडलं नाही."

विस्तव पहिल्याच काडीला धरला. सलूनवाला भिंतीला टेकून घोरायला लागला. चावीवाल्याला काही केल्या झोप येईना. आयुष्यभर त्याने लोकांना एकमेकांची भीती विकली होती, चांगली पितळी, दोन किल्ल्यांसकट. आणि कुण्या अनोळखी माणसाने रचलेल्या उबेत तो हात शेकत बसला होता. उघड्या दारातून चांदण्या थेट उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. खिशातलं कुलूप मांडीला टोचत होतं. ते दाखवलं की मिशी वाचणार होती, आणि हे सगळं खोटं ठरणार होतं.

सकाळी त्याने स्वतः किनाऱ्यावरून लाकडं गोळा केली. दोनदा रचली, पहिल्यांदा काटक्या नीट बसल्या नव्हत्या.

गल्लीत खुर्ची आधीच रस्त्यावर आणून ठेवली होती. अख्खी आळी जमली. चावीवाला स्वतःहून जाऊन बसला.

"कुलूप नाही," तो मोठ्याने म्हणाला. "कोयंड्याचं भोकसुद्धा नाही. मावशी म्हणते ते शब्दन् शब्द खरं आहे. कुणी पुन्हा डोळा मारला तर गाठ माझ्याशी आहे."

सलूनवाल्याने फेस लावला. मावशी जवळ येऊन वाकली. "आणि खिशातलं कुठंय?"

"कसलं खिशातलं?"

"पँट मीच इस्त्री केली ना रे, गाढवा. खिसा जड होता."

फेसातून त्याचे डोळे तेवढे विस्फारले. "मग बोलली का नाहीस?"

"तू बेट पाहिलं नव्हतंस अजून."

"बोटवाल्याच्या जाळ्याला बांधलं," तो पुटपुटला. "वजनाला."

मावशी इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"हलू नकोस," सलूनवाला म्हणाला आणि वस्तरा टेकवला.

मिशीची एक बाजू गेली. मग त्याने फेस पुसला, वस्तरा मिटला, गल्लीकडे वळून ऐटीत म्हणाला, "मंडळी, चहा पिऊन येतो. शटरचा हिशेब बाकी आहे."

आणि अर्ध्या मिशीचा चावीवाला भर रस्त्यात, सगळ्यांत मोठ्याने हसत, बसून राहिला.